निकाल न लागणारी शर्यत

केजच्या चौकात मांजरसुंबा, अंबाजोगाई, कळंब आणि धारूर अशा चारही बाजूंचे रस्ते येऊन मिळतात, आणि दिवस कलला की त्यांपैकी एकावरून तरी फटाके फुटल्यासारखा आवाज येतो. आवाज आधी पोचतो, गाडी मागून येते, आणि गाडीवरच्या माणसाला भान त्याच्याही मागून येतं. टपरीवरचे लोक चहाचा कप तोंडाजवळ तसाच धरून मान वळवतात, एखादा म्हातारा ठेवणीतली शिवी बाहेर काढतो, झोपलेलं कुत्रं उठून उभं राहतं, आणि तेवढ्यात गाडी दिसेनाशी होते. सोहळा पाच-सात सेकंदांचा. पण त्यामागे केवढा खटाटोप असतो! मूळचा सायलेन्सर काढून घरात माळ्यावर टाकायचा, दुसरा पैदा करायचा, मिस्त्रीला चार वेळा चहा पाजायचा, हँडल बदलायचं, आरसे काढायचे (मागून कोण येतंय यापेक्षा आपल्याकडे कोण बघतंय हे महत्त्वाचं), आणि नंबर 4141 असेल तर तो ‘दादा’ असा वाचला जाईल अशा बेताने रंगवून घ्यायचा. अशा पोराला आपण उडाणटप्पू म्हणून मोकळे होतो. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. हा पोरगा खेळाडू आहे. फक्त त्याच्या खेळाचं मैदान केजपासून हजार किलोमीटरच्या आतबाहेर आहे.

त्या खेळाला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. एखादा बंदिस्त ट्रॅक दिवसभरासाठी ठरवायचा, हौशी लोकांनी फी भरायची, आपापली गाडी घेऊन जायचं आणि हौस फिटेपर्यंत पळवायची. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नाही, ढाल नाही, प्रमुख पाहुण्यांचं भाषण नाही. जपानात हा प्रकार चांगलाच मुरलेला आहे. आठवडाभर इमानाने नोकरी करणारा माणूस सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून आपली जुनी मझदा रोडस्टर, निस्सान सिल्व्हिया नाहीतर होंडा सिव्हिक घेऊन ट्रॅकवर हजर होतो. त्सुकुबा नावाचा तिथला ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा. त्यावर एका मिनिटाच्या आत एक फेरी मारणं ही मोठ्या मानाची गोष्ट. त्या मिनिटातला एकेक सेकंद कमी करण्यासाठी हे लोक गाडीतली मागची सीट काढतात, गालिचा काढतात, एसी काढतात, रेडिओ काढतात. गाडी जितकी उघडी, तितकी ती भारी. आपल्याकडे बरोबर उलटं. गाडी दारात आली की आपण सीटकव्हर चढवतो, डेक बसवतो, मागच्या काचेवर कुलदैवत आणि आमदार शेजारी-शेजारी चिकटवतो, आणि मग ‘गाडी पिकअप घेत नाही’ म्हणून गॅरेजवाल्याशी भांडतो.

जपान आणि केज यांचा काय संबंध, असं कोणी विचारील. संबंध रोज रस्त्यावर उभा असतो. फटाके फोडणारी ती फटफटी यामाहा आरएक्स 100 असेल तर ती जपानी घराण्यातली: 98 सीसी, साधारण 11 हॉर्सपॉवर, आणि 1996 साली बंद झालेली, म्हणजे ती चालवणाऱ्या पोराचा जन्म व्हायच्या आधीच. स्प्लेंडरमधली विद्या होंडाची. डिसेंबर 1983 मध्ये पहिली मारुती 800 विकली गेली, तिची जातकुळी सुझुकीची, आणि तिचा साचाही जपानच्या ‘केई’ वर्गातल्या गाडीचा. केई म्हणजे सरकारने आखून दिलेल्या मापातली चिमुकली गाडी. आजच्या नियमाप्रमाणे इंजिन 660 सीसीच्या वर जाता कामा नये. याच मापात जपान्यांनी 1991 साली होंडा बीट आणि सुझुकी कॅपुचिनो अशा दोन स्पोर्ट्स गाड्या काढल्या. ताकद फक्त 64 हॉर्सपॉवर, तरीही लोक आजही त्या हौसेने ट्रॅकवर नेतात. तेव्हा केजच्या घरासमोर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली आजोबांची मारुती ही स्पोर्ट्स गाडीची गरीब का होईना, पण सख्खी चुलत बहीण आहे. लग्नात मिरवणारी एक आणि घर सांभाळणारी दुसरी, एवढाच फरक.

आता मूळ मुद्दा. चौकातल्या पोराला वेग हवा असतो, हा आपला गैरसमज आहे. वेगच हवा असता तर त्याने टायर आणि ब्रेक आधी बदलले असते, सायलेन्सर नव्हे. फटाके फोडल्याने गाडी जोरात पळत नाही. पळतेय अशी बातमी मात्र जोरात पसरते. त्याला हवे असतात साक्षीदार. आणि साक्षीदार हवे असण्यात लाजण्यासारखं काही नाही. कुस्तीच्या फडापासून आमसभेपर्यंत आपला सगळा व्यवहार साक्षीदारांवरच चालतो. अडचण वेगळीच आहे. रस्त्यावरच्या शर्यतीत साक्षीदार असतात, पण पंच नसतो. सुरुवात कुठून झाली ते ठरलेलं नाही, शेवट कुठे ते माहीत नाही, मध्येच शेळ्या आडव्या गेल्या, एकाला फाटक लागलं, दुसऱ्याला पाहुणे भेटले. परिणामी त्या संध्याकाळी सगळेच जिंकतात. हरलेला माणूसच नसल्यामुळे शर्यत संपत नाही आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू होते. बांधाच्या भांडणासारखंच हे आहे. मोजणीवाला येऊन दगड रोवत नाही, तोवर दोन्ही भाऊ स्वतःच्याच जमिनीत उभे असतात. ट्रॅक म्हणजे मोजणीचा दगड. तिथे घड्याळ असतं, आणि घड्याळाला ‘दादा’ वाचता येत नाही.

हे मी परदेशाच्या कौतुकाने म्हणत नाही, कारण आपल्या लोकांनी हा सिद्धांत फार पूर्वीच बैलांवर सिद्ध केलेला आहे. खेड, आंबेगाव, जुन्नर या भागातल्या बैलगाडा शर्यतीत गाडे एकमेकांशी झुंजत नाहीत. एका वेळी एकच गाडा घाटात सुटतो. त्याला बारी म्हणतात. निशाणापर्यंत तो किती सेकंदांत पोचला तेवढंच बघायचं. विदर्भ-मराठवाड्याच्या शंकरपटातही सेकंदांचाच हिशेब चालतो. आता तर सेकंदाचे बारीक तुकडे मोजणारी यंत्रं आली आहेत. त्सुकुबाला जपानी माणूस जे करतो ते अगदी हेच. बैलगाड्यापुढे पळते तशी घोडी त्याच्या गाडीपुढे नसते इतकंच. घाटाच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत उभी असते, म्हणजे साक्षीदारांना तोटा नाही. पण ‘माझा बैल भारी’ हा वाद बारा-तेरा सेकंदांत मिटतो. मिटत नाही तो कोर्टातला. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी या शर्यतींवर बंदी आणली, 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी दिली, आणि घटनापीठाचा अंतिम निकाल आला 18 मे 2023 रोजी. ज्या अंतराला बैलाला बारा सेकंद लागतात, ते कायद्याने नऊ वर्षांत कापलं. पण त्यातून जे निघालं ते शहाणपणाचं आहे: आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची तपासणी, चाबकाला मनाई. म्हणजे बैलाला आज नियम आहे, जागा आहे, घड्याळ आहे आणि पशुवैद्य आहे. यातली एकही सोय फटफटीवरच्या पोराला नाही.

दुसरा पुरावा ट्रॅक्टरचा. पश्चिम महाराष्ट्रात जत्रांमधून ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर उलटा नेण्याच्या स्पर्धा होतात. आखलेल्या पट्ट्यातून, खांब न पाडता, कमीत कमी वेळात मागे मागे जायचं. ज्याने उसाच्या हंगामात कारखान्याच्या गेटवर दोन ट्रॉल्या मागे घेतल्या आहेत, त्यालाच या विद्येची खोली कळेल. शांत डोकं, हलकं हँडल आणि मागे बघण्याची तयारी या तीन गोष्टी लागतात, आणि तिन्ही चौकातल्या शर्यतीत नेमक्या गायब असतात. तरीही गर्दी होते, शिट्ट्या वाजतात, बक्षीस मिळतं. जो माणूस ताशी पाच किलोमीटर वेगाने उलट दिशेला जाताना टाळ्या मिळवू शकतो, त्याच्याकडे पाहिलं की कौतुक वेगाचं होत नसून कसबाचं होतं, हे मान्य करावंच लागतं. मोटारींच्या बाबतीत महाराष्ट्राची मजल मात्र फार पुढे गेलेली नाही. लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’मध्ये लोक 402 मीटर सरळ पळण्याची वेळ मोजून घेतात, त्यात बदल केलेल्या जपानी गाड्याही उतरतात. पण वळणावळणाचा मोठा ट्रॅक हवा असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई गाठा, कोइंबतूर गाठा, नाहीतर ग्रेटर नोएडा. केजचा पोरगा तिथवर फटफटीने गेला, तर पोचेपर्यंत त्याची हौस आणि कंबर दोन्ही मोडलेली असतील.

अशा पोरांना जवळपास मैदान द्या म्हटलं, की हरकती निघतात. पहिली हरकत कायद्याची. गाडीत फेरफार करणं हाच गुन्हा असताना मैदान कसलं मागता? हरकत वजनदार आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाल्यापासून मालकाने गाडीत बेकायदा फेरफार केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. सायलेन्सर, हॉर्न आणि दिवे असे तीन फेरफार धरले तर जुन्या स्प्लेंडरचा मालक गाडी पोलिसांना देऊन टाकून फायद्यात राहील. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवण्याचा कार्यक्रम तर राज्यातल्या अनेक शहरांत झालेला आहे. सगळ्यात वेगवान समजल्या जाणाऱ्या वस्तूंचा शेवट सगळ्यात मंद वाहनाखाली व्हावा, यात सरकारची विनोदबुद्धी दिसते. पण कायदा नीट वाचला तर तो हौसेच्या विरोधात नाही, जागेच्या विरोधात आहे. शर्यतीबद्दलचं कलम 189 सार्वजनिक जागेतल्या, सरकारच्या लेखी परवानगीशिवाय केलेल्या शर्यतीला शिक्षा सांगतं. म्हणजे परवानगी मागायची वाट कायदा करणाऱ्यांनी उघडी ठेवली होती. आपण अजून त्या वाटेला गेलेलो नाही. खुद्द ट्रॅकसुद्धा आवाजाचे लाड करत नाहीत. ब्रिटनमध्ये ट्रॅकवर सोडण्याआधी गाडीचा आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि जास्त भरला तर दारातूनच परत पाठवतात. आपला फटाकेवाला शर्यतीच्या तीर्थक्षेत्रीही आवाजापायी बाहेरच राहील.

दुसरी हरकत आईबापांची: ट्रॅकवर वेगाची चटक लागली की पोरगा रस्त्यावर आणखी बुंगाट पळवील. ही भीती खरी वाटते, पण ट्रॅकवर आधी काय शिकवतात ते पाहावं. तिथे पहिला धडा एक्सलेटरचा नसून ब्रेकचा असतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबायला लागणारं अंतर चौपट होतं; चौकात हे गणित आयुष्यात एकदाच कळतं आणि ते सांगायला माणूस बहुधा शिल्लक राहत नाही. ट्रॅकवर तेच गणित मोकळ्या मातीत घसरत जाऊन कळतं आणि माणूस कपडे झटकत परत येतो. शिवाय झेंड्यांची शिस्त. पिवळा दिसला की सांभाळून, लाल दिसला की सगळ्यांनी थांबायचं, निळा दिसला की मागच्याला वाट द्यायची. सगळ्यात थोर नियम ओव्हरटेकचा: नवशिक्यांच्या गटात पुढच्याने हाताने खूण केल्याशिवाय मागच्याने पुढे जायचंच नाही. जिथे समोरून एसटी येताना दिसली की ओव्हरटेकची ऊर्मी जागी होते, त्या मुलखात हा नियम संतवचनासारखा वाटेल. पण चार फेऱ्या पाळला की अंगवळणी पडतो. जर्मनीत न्युर्बुर्गरिंग नावाचा 1927 साली खुला झालेला 20.8 किलोमीटरचा ट्रॅक आहे. काही ठरावीक दिवशी कोणीही पैसे भरून आपली गाडी त्यावर नेऊ शकतो, आणि तेव्हा तो ट्रॅक कायद्याने एकेरी वाहतुकीचा टोलरस्ता समजला जातो. त्यावरही चुकीच्या बाजूने ओव्हरटेक केलेला चालत नाही. टोल भरूनही नियम पाळावे लागतात, हे ऐकून आपल्याकडे काहींना धक्का बसेल.

जपानचा अनुभवही तपासून घेऊ. तिथेही पोरांची सुरुवात मैदानात नव्हे, घाटात झाली. पोरं रात्री डोंगरी रस्त्यांवर गाड्या आडव्या सरकवायची. 1982च्या सुमाराला कर्कश फटफट्यांवरून गावभर हिंडणाऱ्या ‘बोसोझोकु’ टोळक्यांत चाळीस हजारांवर पोरं असल्याची पोलिसांची नोंद आहे. त्याच घाटरस्त्यांवर शिकलेल्या केइची त्सुचियाचं लायसन, घाटात गाडी पळवण्याच्या व्हिडिओपायी, काही काळ रद्द झालं. पुढे तोच माणूस 1995 साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात जिंकणाऱ्या होंडा एनएसएक्सच्या तिघा चालकांपैकी एक होता. टोळकी ओसरली याचं सगळं श्रेय ट्रॅकला देणं अप्रामाणिकपणाचं होईल. 2004 मध्ये तिथला कायदा कडक झाला, आणि तरुणांची संख्याच घटत गेली. पण कायद्याने घाट बंद केले तेव्हा जायला दुसरी जागा होती, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे धारूरचा घाट आहे. अरुंद रस्ता, नागमोडी वळणं, त्यातच उसाने लादलेल्या गाड्या अडकून पडतात. तिथे आडवी गाडी घालण्यासाठी मुद्दाम कसब लागत नाही. ते काम ऊस करतो. अशा घाटात हौशी पोरांनी उतरावं, की त्यांना दुसरीकडे कुठेतरी न्यावं, याचं उत्तर द्यायला त्सुचियाची गरज नाही.

तिसरी हरकत सगळ्यात जड आहे. ज्या तालुक्यात धनेगावचं मांजरा धरण असूनही उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, जिथली माणसं कोयता घेऊन दरसाल परमुलखात ऊस तोडायला जातात, तिथे हे श्रीमंती चोचले कशाला? या प्रश्नाला विनोदाने उडवून लावणं बरं नव्हे. म्हणून आधीच कबूल करतो की केजला डांबरी वळणांचा, प्रेक्षागृहाचा ट्रॅक मागण्याचा माझा इरादा नाही. तसंही या जिल्ह्याने वेगाच्या बाबतीत कधी घाई केलेली नाही. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे 1995 साली मंजूर झाली आणि बीडपर्यंत गाडी आली 17 सप्टेंबर 2025 रोजी. त्याच गतीने ट्रॅक झाला तर आजचा पोरगा नातवाला घेऊन उद्घाटनाला येईल. पण सपाट माळ, चुन्याची रेघ, चार बाजूंना पेंढ्याच्या गासड्या, एक अॅम्ब्युलन्स आणि एक घड्याळ एवढ्याला धरणाचं पाणी लागत नाही. आणि खर्चाचीच गोष्ट काढायची तर चौकातली शर्यत फुकट आहे हा भ्रम आहे. तिचं बिल दवाखान्यात भरलं जातं, आणि ते पोराच्या नव्हे, बापाच्या नावावर निघतं. बहुधा एखाद्या एकराच्या मोबदल्यात.

शेवटची हरकत माझी मलाच. मैदान दिलं तरी पोरगा येईल का? घड्याळासमोर उभं राहायला छाती लागते. आज तो चौकातला अजिंक्यवीर आहे. उद्या माळावर घड्याळ सांगील की तू बेचाळीस सेकंद घेतलेस आणि तुझ्या दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या मावसभावाने एकेचाळीस. ही बातमी पचवणं सोपं नाही. पहिल्या वर्षी फार कोणी येणार नाहीत, हे मी मान्य करतो. पण बैलगाडा मालकही एकेकाळी पहिल्यांदाच घड्याळासमोर उभा राहिला असेल, आणि आज तो अर्ध्या सेकंदासाठी वर्षभर बैलाला खुराक घालतो. आकड्याची गंमत अशी की एकदा हरल्यावर माणूस पुढच्या आकड्याच्या मागे लागतो, आणि आकडा कमी करायचा तर सायलेन्सरचा काही उपयोग नाही हे त्याला पहिल्याच आठवड्यात उमगतं. मग तो टायर बघायला लागतो, ब्रेक बघायला लागतो, आणि नाइलाजाने का होईना, आरसेही परत बसवतो.

आणि केज तालुक्याला हे नवं शिकवावं तरी काय म्हणून! तालुक्यातल्या विडा गावात ऐंशीहून अधिक वर्षं धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते. वाहनात फेरफार असतो, कारण गळ्यात चपलांचा हार. चालकाची तयारी इतकी कमी की सण जवळ आला की जावई मंडळी लपून बसतात आणि त्यांना शोधून आणावं लागतं. वेगाबद्दल बोलायलाच नको. पण मार्ग ठरलेला, दिवस ठरलेला, साक्षीदार अख्खं गाव, आणि मुख्य म्हणजे शेवट ठरलेला. मिरवणूक संपली की जावयाला सोन्याची अंगठी आणि नवे कपडे देतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा मानाचा जावई. चौकातल्या पोराची धिंड मात्र रोज संध्याकाळी निघते, आणि अंगठी देऊन ती संपवावी असं अजून कोणाच्या मनात आलेलं नाही.